दिशाला बाहेर का बसवलं

राहुरीला अंतिम सामन्यात कॉलेजच्या मुली दोन गुणांनी हरल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगारला अमृतच्या टपरीवर दुसरा विषयच निघाला नाही. टपरी कॉलेजच्या मैदानाला लागून आहे. मैदानाची भिंत तिथे कमरेएवढीच असल्याने बास्केटबॉलचं कोर्ट बसल्या जागेवरून दिसतं. संध्याकाळी मुलींचा सराव बघायचा आणि सकाळी त्या सरावावर बोलायचं, असा पाच-सहा जणांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे. गावात त्यांना भिंतीवरची मंडळी म्हणतात. एरवी ती एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात, पण सामना हरला की कोणाचा गुडघा दुखत नाही.

प्रश्न एकच होता. पाच मिनिटं उरली होती, आपण सात गुणांनी पुढे होतो, आणि अशा वेळी प्रशिक्षक सत्यशीला मॅडमनी दिशाला खेळातून काढून बाहेर का बसवलं? संघातली सगळ्यात पक्क्या हाताची मुलगी बाहेर, आणि तिच्या जागी धनश्री. धनश्री उंच आहे, मेहनती आहे, पण घाबरट. शेवटी तिला दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही घातले असते तर बरोबरी झाली असती. दोन्ही कडीला लागून बाहेर गेले.

लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले राधाकृष्ण म्हणाले की दिशाचे फाउल वाढले होते, म्हणून मॅडमनी तिला राखून ठेवली असेल. अमृतने चहा गाळता गाळता विचारलं, राखून ठेवून पुढच्या वर्षी वापरायची होती का? त्यावर सगळे हसले. एकाने मत दिलं की बाईमाणसाला शेवटच्या पाच मिनिटांत डोकं शांत ठेवता येत नाही. राधाकृष्णांनी त्याला गप्प केलं, कारण या मॅडम आल्यापासूनच तर संघ अंतिम सामन्यापर्यंत जायला लागला होता. असं बरंच झालं, आणि मग नेहमीप्रमाणे सगळ्यांची तोंडं मच्छिंद्रनानांकडे वळली.

नाना तोवर काही बोलले नव्हते. एक तर त्यांचा घसा पार बसला होता. आदल्या दिवशी राहुरीला ते सामनाभर ओरडले होते. अमृतने न सांगता त्यांच्या चहात आलं जास्त ठेचलं होतं. दुसरं म्हणजे दिशा त्यांची नात होती. स्वतःच्या नातीची बाजू घेतो असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी आधी दुसऱ्यांना बोलू दिलं. आणि तिसरं कारण ते स्वतःशीही कबूल करत नसत. शेवटी बोलायला त्यांना आवडायचं. शेवटी बोललेलं टिकतं.

भिंतीवर नानांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन त्यांनी कुठे शिकून मिळवलेलं नव्हतं. नाना मूळचे पाथर्डीकडच्या एका गावचे. आई-बाप दर वर्षी ऊस तोडायला जायचे आणि पोरगा त्यांच्यामागे पाचटात वाढला. शाळा अर्धीमुर्धी झाली. एका मामाने भिंगारला आणून लष्कराच्या डेपोत मजूर म्हणून चिकटवलं. तिथे त्यांच्याकडे मैदान आलं. गवत काढायचं, रोलर ओढायचा आणि सामन्याच्या आदल्या दिवशी चुन्याच्या रेघा मारायच्या. केरळचे एक सुभेदार रेघा वाकड्या आल्या की पुसून पुन्हा मारायला लावत. रेघ कशासाठी आहे हे कळल्याशिवाय सरळ येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी या पोराला बास्केटबॉलचा खेळ समजावून सांगितला. नाना झाडूला टेकून जवानांचे सामने बघायला लागले, ते आजतागायत बघतच आहेत.

एकदा युनिटच्या संघाला माणूस कमी पडला. सुभेदारांनी नानांना पांढरे बूट दिले आणि राखीव म्हणून बाकावर बसवलं. नाना सामनाभर गुडघ्यांवर हात ठेवून, अर्धवट उठलेलेच बसले. त्यांना कोणी उठ म्हटलं नाही. सामना संपल्यावर त्यांनी बूट खडूने पुन्हा पांढरे केले आणि परत नेऊन दिले. ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे. बायको चांगुणा म्हणायची, "बाकावर बसून घाम आलेला मानूस म्या ह्योच पाह्यला."

मग नात झाली. दिशा सहा वर्षांची असताना नानांनी वेल्डरकडून जुन्या पिंपाची कडी कापून घेतली आणि घरामागच्या कडुलिंबाला ठोकली. सुनील, म्हणजे दिशाचा बाप, एमआयडीसीतून दमून यायचा आणि त्या कडीकडे बघून मान हलवायचा. पोरीला नानांनी एकच गोष्ट शिकवली. विचार करायचा नाही. विचार केला की हात कापतो. मी "मार" म्हटलं की मारायचा. सुभेदारही जवानांना असंच शिकवायचे. सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत लिंबाखालून आवाज यायचा, "मार", आणि मागोमाग कडीचा ठण्ण. पोरगी चांगली निघाली. कॉलेजच्या संघात पहिल्याच वर्षी आली. त्या दिवशी नानांनी भिंतीवर सगळ्यांना चहा पाजला आणि स्वतः मात्र घ्यायचा विसरले.

तर त्या सकाळी नानांनी कप खाली ठेवला आणि बसलेल्या आवाजात सांगितलं, की यात खेळाचा काही संबंध नाही. धनश्रीचं गाव कोणतं, हे कोणी विचारलं का? नानांनी विचारलं होतं. राहुरीला तिच्या वडिलांशेजारीच ते बसले होते. पारनेरकडचं. आणि मॅडमचं माहेर कुठलं? तेही पारनेरकडचं.

"पाव्हण्यांपैकी असतीन," नाना म्हणाले. "मानूस आपल्या मानसाला पुढं करतंच."

एवढंच ते म्हणाले. पारनेर तालुका केवढा आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण आपल्याकडे नवीन माणसाला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग कोणाचे कोण, आणि तेवढ्यावर त्याच्या सगळ्या वागण्याचा उलगडा झाला असं धरून चालतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. खेळातलं कोडं सुटत नव्हतं. सोयरिकीत घातल्यावर सुटलं.

संध्याकाळी नाना भिंतीपाशी आले तेव्हा त्यांचीच बातमी त्यांना परत ऐकायला मिळाली, पण आता ती वाढली होती. अमृतने गिऱ्हाइकाला सांगितलं की धनश्री ही मॅडमच्या चुलत बहिणीची मुलगी. दुसऱ्या दिवशी ती सख्खी भाची झाली. अमृतने नानांकडे बघून विचारलंसुद्धा, "व्हय ना, नाना?" नानांना त्या वेळी म्हणता आलं असतं, की बाबा, मी एवढं बोललो नव्हतो. त्यांनी फक्त मान हलवली. ती हो म्हणून हलली की कशी, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पण आपण काढलेली गोष्ट गावभर चालते आहे, हे त्यांना गोड लागत होतं.

मॅडम कॉलेजात पक्क्या नव्हत्या. दर वर्षी त्यांची नेमणूक नव्याने व्हायची, आणि ती वेळ जवळ आली होती. राधाकृष्णांनी ठरवलं की गुरुवारी सगळ्यांनी प्राचार्यांकडे जायचं. असा भेदभाव करणारी प्रशिक्षक नको, हे तोंडावर सांगायचं. बोलणार कोण? नाना. ज्याची नात बाहेर बसवली त्यानेच बोललं पाहिजे, आणि खेळही त्यालाच कळतो. नानांना आजवर कोणी कुठे बोलायला पुढे केलं नव्हतं. ते नाही, नाही म्हणाले आणि घरी जाऊन चांगुणाला धुतलेला सदरा काढून ठेवायला सांगितला.

घरात मात्र एक गोष्ट त्यांना टोचत होती. राहुरीहून आल्यापासून दिशा त्यांच्याशी बोलत नव्हती. ते ओसरीत आले की ती आत जायची. सामन्याचं काही विचारलं की अभ्यास आहे म्हणायची. नानांनी धरलं की पोरीच्या मनाला लागलंय. लागणारच. म्हणूनच तर आपण हे सगळं करतोय.

बुधवारी संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. उद्या आम्ही प्राचार्यांकडे जातोय. बोलणार मी आहे. त्या बाईला विचारतो, माझ्या नातीला कशापायी बाहेर बसवली. दिशाची आई रुपाली भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. तिने आधी सासऱ्यांकडे आणि मग लेकीकडे पाहिलं. तिला काहीतरी ठाऊक होतं, हे नानांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

दिशाने हातातला घास ताटात ठेवला.

"आबा, मॅडमनी नाही बसवलं मला," ती म्हणाली. "मीच म्हणाले, मला बाहेर घ्या."

नानांना वाटलं, पोरगी मॅडमला वाचवतेय. त्यांनी तसं म्हटलंही. मग ती वर न बघता बोलत गेली. मॅडमनी सांगितलं होतं की आपण पुढे आहोत, घाई करू नका, चेंडू हातात ठेवा, एकमेकींना देत राहा, वेळ जाऊ द्या. तिला ते कळत होतं, पटतही होतं. पण भिंतीकडून, म्हणजे त्या दिवशी पायऱ्यांवरून, आवाज यायचा.

"तुमचा आवाज आला की हात उठतो, आबा. मला कळायच्या आत चेंडू गेलेला असतो. लांबून तीनदा मारला, तीनदा चुकला. मॅडमनी टाइम आउट घेतला, मला बाजूला नेऊन विचारलं, तू ऐकतेस कुणाचं? मी रडायला लागले. म्हणाले, मी आत असेपर्यंत हे थांबणार नाही."

चांगुणाने विचारलं, मग हे कालपरवा का नाही बोललीस? दिशा म्हणाली, मॅडमना तिनेच शपथ घातली होती की आबांना कळू द्यायचं नाही. मॅडम हो म्हणाल्या, आणि मुलींनाही त्यांनी एवढंच सांगितलं की तो माझा निर्णय होता. आणि आता धनश्री सरावाला येत नाही. मुली तिला मॅडमची भाची म्हणून चिडवतात. ती आणि मॅडम एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. ती अफवा कोणी उठवली, हे दिशाने विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही हेच नानांना सोसेना.

ते ताटावरून उठले नाहीत. ताटात होतं तेवढं सगळं खाल्लं. चव काही लागली नाही, पण अन्न टाकून उठलो तर पोरीला वाटेल की आपण रागावलो, म्हणून खाल्लं.

गुरुवारी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला. वाटेतच मंडळींना सांगून टाकायचं आणि मागे फिरवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. टपरीपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत रस्ता तो केवढा. पण राधाकृष्ण पुढे ताठ चालत होते, अमृतने टपरी भावावर सोपवली होती, आणि दोघं-तिघं नानांना काय काय बोलायचं ते आठवण करून देत होते. नाना तोंड उघडायचे आणि खोकायचे. फाटक आलं, मग जिना आला, मग प्राचार्यांची खोली आली.

आत सत्यशीला मॅडम आधीच बसल्या होत्या. खोलीत खुर्च्या कमी होत्या. इतकी माणसं आलेली बघून मॅडम उठल्या आणि आपली खुर्ची त्यांनी नानांपुढे केली.

"बसा, आबा."

दिशा म्हणते तसं त्या त्यांना आबाच म्हणायच्या. नाना त्या खुर्चीवर बसले. खुर्ची अजून उबदार होती. मॅडम कपाटाला टेकून उभ्या राहिल्या.

नानांचा घसा बसलाय असं सांगून सुरुवात राधाकृष्णांनी केली. त्यांनी सगळं नीट, फौजी पद्धतीने मांडलं. पाच मिनिटं, सात गुण, दिशा बाहेर, धनश्री आत, हार. मग नात्याचं निघालं. "हे आम्हाला मच्छिंद्रनानांनी ध्यानात आणून दिलं," राधाकृष्ण म्हणाले आणि त्यांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला. प्राचार्यांनी मॅडमना विचारलं की असं काही नातं आहे का? मॅडम म्हणाल्या, नाही. मग दिशाला का बाहेर घेतलं, असं प्राचार्यांनी विचारलं.

मॅडमनी नानांकडे पाहिलं. बघणं अगदी साधं होतं. त्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. नानांना वाटलं, या आता सांगतील. सांगावं, म्हणजे आपल्याला सांगायला लागणार नाही. एवढा भित्रा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला हे त्यांना कळलंही.

"त्या वेळी मला ते बरोबर वाटलं," मॅडम म्हणाल्या. "सामना गेला, त्याची जबाबदारी माझी आहे."

प्राचार्यांनी नानांना विचारलं, आजोबा, तुम्हाला काही सांगायचंय? नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मांडीवरचे त्यांचे हात त्या जुन्या बाकावरच्यासारखे होते, अर्धवट उठलेल्या माणसाचे. ते म्हणाले, "राधाकृष्ण बोलले तेच."

प्राचार्य म्हणाले की नेमणुकीच्या वेळी या तक्रारीचा विचार करू. मंडळी उठली. मॅडमनी वाट देण्यासाठी अंग चोरलं. सगळे बाहेर पडत होते आणि नाना शेवटी होते. दारात त्यांना मागे खुर्चीचा आवाज आला. त्यांना उठून दिलेल्या आपल्या खुर्चीवर मॅडम परत बसत होत्या. तो आवाज ऐकून ते थांबले.

"सायेब," ते वळून म्हणाले, "ह्ये खोटं हाय."

बाहेर पडलेले परत दारात गोळा झाले. नानांना सभेत बोलायची सवय नव्हती. त्यांनी शेवटून सुरुवात केली. धनश्री कोणाची कोणी नाही. ते मी काढलं. मला ठाऊक नव्हतं आणि मी काढलं. पोरीला मॅडमनी नाही, माझ्या ओरडण्यानं बाहेर काढलं. मी पायऱ्यांवरून मार मार म्हणत होतो आणि ती मारत होती. मॅडम वेगळं सांगत होत्या, मी वेगळं. पोरगी मधी चिरडली.

प्राचार्यांना ते पुरतं कळेना. ते हसून म्हणाले, अहो, लोक तर ओरडणारच, तेवढ्यासाठी चांगला खेळाडू कोणी बाहेर काढतं का? म्हणजे चूक तर मॅडमचीच झाली. नाना गोंधळले. खरं बोलून आपण बाईंना आणखी अडकवलं की काय, असं त्यांना वाटलं. तेव्हा मॅडम बोलल्या.

"सर, हा प्रेक्षकाचा आवाज नाही. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून या आवाजावर शिकली आहे. माझा आवाज दोन वर्षांचा आहे." मग त्या नानांकडे वळल्या. "आबा, मी हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. एकदा घरी आलेही होते. तुम्ही चहा दिलात आणि बचाव कसा लावायचा ते मला समजावून सांगितलंत. वयाने मोठ्या माणसाला कसं बोलायचं, म्हणून मी चहा पिऊन परत गेले."

नानांना तो दिवस आठवला. मॅडम गेल्यावर त्यांनी चांगुणाला सांगितलं होतं, बाईला शिकायची आवड हाय. आता ते आठवल्यावर त्यांना मॅडमकडे बघवेना.

तक्रार करणाऱ्यांचा बोलणाराच फिरल्यावर तक्रार राहिली नाही. प्राचार्यांनी विषय तिथेच मिटवला. आपण निदान एक गोष्ट तरी नीट केली, असं जिना उतरताना नानांना क्षणभर वाटलं. पण खाली मंडळी त्यांच्यासाठी थांबली नव्हती. फाटकापाशी नानांनी त्यांना गाठलं तेव्हा राधाकृष्ण समोर बघतच चालत राहिले.

"नातीची जागा पक्की केलीस, नाना," ते म्हणाले. "आधी तरी सांगायचं. आमी कशाला एवढं नाचलो असतो?"

नाना म्हणाले, तसं नाही. अमृत म्हणाला, "मग आत बसल्यावर का नाही बोलला? बाईनं खुर्ची दिली, मंग तुमचं बदललं. आमाला दिसतं, नाना." आणि एकाने शांतपणे जोडलं, की माणूस आपल्या माणसाला पुढं करतंच. ते वाक्य नानांचंच होतं. त्यांनी ते काढलं तेव्हा उत्तर देणारं समोर कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून ते टपरीवर बसले नाहीत. कोणी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं. एकदा ते गेले, तर अमृतने चहा दिला, बसा म्हणाला, आणि बाकीच्यांचं बोलणं पावसापाण्यावर आलं. आपण उठल्यावर ते पुन्हा सामन्यावर जाईल, हे ओळखून नाना उठले. त्यांनी एक काम मात्र केलं. धनश्रीच्या वडिलांकडे जाऊन ओट्यावर उभ्या उभ्या सांगितलं की ती अफवा माझी होती. त्या माणसाने ऐकून घेतलं आणि बसायला सांगितलं नाही. दोन दिवसांनी धनश्री सरावाला आली. ती त्यांच्या सांगण्यामुळे आली की मॅडम स्वतः तिच्या घरी गेल्या म्हणून, ते नानांना कळलं नाही, आणि विचारायला तोंड नव्हतं.

पुढचे सामने नगरला होते. नानांनी जायचं नाही असं ठरवलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मॅडम दारात आल्या. या वेळी त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं आणि उभ्यानेच बोलल्या.

"उद्या या. तुम्ही दिसला नाहीत तर ती सामनाभर तुम्हालाच शोधत राहील. तिला दिसाल असे बसा आणि बोलू नका."

"जमंल का मला?" नानांनी विचारलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"तिलाही अजून जमत नाही," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नाना पायऱ्यांच्या एका टोकाला एकटेच बसले. भिंतीवरची मंडळी मधोमध होती. चांगुणाने सदऱ्याच्या खिशात लवंगा टाकून दिल्या होत्या. दाढेखाली एक धरली की तोंड कामात राहतं, असं तिचं म्हणणं. नानांनी सामन्याच्या पहिल्या भागातच सगळ्या संपवल्या. दिशा आत होती. दोनदा तिने त्यांच्याकडे पाहिलं, दोनदा त्यांनी मान खाली घातली. सामना अटीतटीचा होत गेला. सरतेशेवटी चेंडू दिशाकडे आला तेव्हा ती तिच्या जागेवर मोकळी उभी होती. लिंबाखाली नानांनी कडीपासून जितक्या अंतरावर चुन्याची रेघ मारली होती, कोर्टाच्या डावीकडची ती जागा तितकीच लांब होती. मंडळी उठून ओरडायला लागली. राधाकृष्णांचाही आवाज होता. दिशाने त्यांच्यातल्या कोणाकडे पाहिलं नाही. तिने टोकाला पाहिलं.

नानांचं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर आलाच होता. त्यांनी डोक्यावरची टोपी ओढून तोंडावर दाबली आणि डोळे पायांतल्या चपलांवर ठेवले. वर बघितलं तर आपलं तोंड आपलं ऐकणार नाही, एवढंच त्यांना कळत होतं. टाळ्या झाल्या, शिट्टी झाली, कोणीतरी धनश्रीचं नाव घेतलं. त्यांनी वर बघितलं नाही.

"बघा," मधून कोणाचा तरी आवाज आला, "आता तोंड झाकून बसतंय म्हातारं."

सामना संपल्यावर लोक त्यांच्या पुढून, मागून उतरून गेले. काय झालं हे नानांनी कोणाला विचारलं नाही. चेंडू मी मारला नाही, धनश्रीला दिला, तिने घातला, आणि आपण जिंकलो, हे त्यांना दिशाने सांगितलं. ती घामाने ओली होती आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली होती. राहुरीनंतर ती पहिल्यांदाच आपण होऊन त्यांच्याजवळ बसली होती. नानांनी तरी तोंडावरची टोपी काढली नाही. आता काही बोलायला हरकत नव्हती.

दिशाने त्यांच्या हातातून टोपी हळूच काढून घेतली. ती चावून ओली झाली होती. तिने झटकली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"ऊन लागतंय, आबा," ती म्हणाली. "चला घरी."